डिफरन्स कशापासूनचा?

सांगली-साताऱ्यातल्या कुठल्याही दूध संकलन केंद्रावर, कारखान्याच्या वजनकाट्यावर किंवा सौद्याच्या पेढीवर एक शब्द दिवसभर कानावर पडतो. फॅटला डिफरन्स आला. वजनात डिफरन्स निघाला. रिकव्हरीत, म्हणजे उसातून निघणाऱ्या साखरेच्या उताऱ्यात, अर्ध्या टक्क्याचा डिफरन्स आहे. दिवाळीला लिटरमागं डिफरन्स मिळणार आहे. हा शब्द इंग्रजी आहे याला माझी हरकत नाही. डिझेल आणि पावती पुस्तकाइतकाच तो आता आपला झाला आहे. हरकत आहे ती तो वापरण्याच्या पद्धतीला. डिफरन्स नेहमी दोन आकड्यांमध्ये असतो. आपल्याकडं मात्र एकच आकडा सांगितला जातो आणि दुसरा, म्हणजे ज्याच्यापासून मोजलं तो, वहीतच राहतो. शेतकऱ्याचे पैसे जातात ते त्या न सांगितलेल्या आकड्यात.

म्हणून मागणी साधी आहे. ज्या फरकावरून कुणाचे पैसे ठरतात किंवा कापले जातात, तो कशापासून मोजला, कोणत्या मापात मोजला आणि दशांश कुठं तोडला, हे पावतीवर किंवा बिलावर छापणं बंधनकारक असलं पाहिजे. दूध संघ असो, साखर कारखाना असो की अडत दुकान.

बोलण्यातलं क्रियापद आधी पाहू. डिफरन्स ‘येतो’ किंवा ‘निघतो’. तो कुणी करतो, असं कुणी म्हणत नाही. पाऊस आला तसा डिफरन्स आला, मग जबाबदार कुणाला धरणार? बाजारपेठेतल्या जुन्या मराठीत यासाठी एकच शब्द नव्हता. माल वाळून वजन कमी झालं तर ती घट. मोजून दिलेलं पूर्ण भरलं नाही तर ती तूट. आधी ठरवून वजनातून कापलं तर तो कडता. दोन नोंदी जुळल्या नाहीत आणि खुलासा मागायचा असला तर ती तफावत. प्रत्येक शब्दात कारणही आहे आणि भार कुणी सोसायचा तेही आहे. हिशेबाच्या इंग्रजीतसुद्धा साधा डिफरन्स वेगळा आणि लेखापरीक्षकाला उत्तर द्यावं लागेल ती डिस्क्रिपन्सी वेगळी. आपण घट, तूट, कडता आणि तफावत या चारही गोष्टी एकाच पोत्यात भरल्या, त्यामुळं ज्याचा खुलासा व्हायला हवा तेही नैसर्गिक म्हणून खपून जातं.

वजनाचं उदाहरण घ्या. उसाची खेप खासगी काट्यावर एक वजन दाखवते आणि कारखान्याच्या काट्यावर दुसरं. ‘थोडाफार डिफरन्स असतोच’ हे उत्तर ठरलेलं असतं. असतो, पण किती असू शकतो याला कायद्यात माप आहे. वजनमापाच्या नियमांनुसार १० किलोच्या टप्प्यानं वजन दाखवणाऱ्या मोठ्या काट्याला २० टनांच्या वजनावर पडताळणीच्या वेळी १० किलोपर्यंत चूक माफ आहे आणि वापरात असताना त्याच्या दुप्पट, म्हणजे २० किलो. दोन काटे विरुद्ध बाजूंना चुकले असं धरलं तरी २० टनांच्या एका वजनात ४० किलोंच्या पुढं फरक जाता कामा नये. ३०० किलोंचा फरक दिसला, तर तो काट्याच्या स्वभावाचा भाग नाही, ती तफावत आहे आणि तिला कारण हवं. कारणं ठरलेली असतात. भरल्या गाडीच्या वजनाला चालक गाडीत आणि रिकाम्या वजनाला खाली. रिकाम्या गाडीचं वजन त्या दिवशी न करता जुनंच धरलेलं. दोन वजनांच्या मध्ये टाकीत डिझेल भरलेलं. काट्याच्या प्लॅटफॉर्मखाली चिखल नि पाचट अडकलेलं. किंवा तोडल्यावर ऊस दोन दिवस यार्डात उन्हात उभा, आणि मग ती खरंच घट असते, काट्याची चूक नसते. ३०० किलो म्हणजे ३,५५० रुपये टनाच्या हिशेबानं एका खेपेला १,०६५ रुपये. भरल्या नि रिकाम्या दोन्ही वजनांच्या वेळा पावतीवर असल्या, तर यातली काही कारणं घरी बसूनही ताडता येतात.

दुधाचं प्रकरण याहून खोल आहे, कारण तिथं फरक रोज दोनदा होतो आणि रक्कम इतकी बारीक असते की भांडायला लाज वाटावी. गावात सगळे ‘पॉइंट’मध्ये बोलतात. एक पॉइंट म्हणजे ०.१. फॅट ३.५ वरून ३.३ झाली की दोन पॉइंट कमी. दर ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ) धरून जाहीर होतो आणि त्याखाली प्रत्येक पॉइंटला ठरावीक कपात असते. हिशेबासाठी समजा ती ३० पैसे आहे. आता प्रश्न असा की तो पॉइंट मोजणारं यंत्र किती बारीक मोजतं? गर्बर पद्धतीत १० मिलिलिटर गंधकाम्ल, १०.७५ मिलिलिटर दूध आणि १ मिलिलिटर अमाइल अल्कोहोल ब्युटिरोमीटरच्या नळीत घालतात, सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवतात, ६५ अंश सेल्सिअसच्या पाण्यात ठेवतात आणि नळीच्या दांडीवर फॅटचा स्तंभ वाचतात. त्या दांडीवरची सर्वात बारीक रेघच ०.१ ची असते. म्हणजे ज्या एका पॉइंटवर पैसे कापले जातात, तो पॉइंट हीच उपकरणाची शेवटची पायरी आहे. वाचणाऱ्याचा डोळा थोडा वरखाली झाला, पाणी ६५ ऐवजी ५५ अंशांवर होतं, पिपेटमध्ये दूध कमी आलं, की पॉइंट गेला.

त्याहून मोठी मेख एसएनएफमध्ये आहे. बहुतेक ठिकाणी एसएनएफ थेट मोजला जात नाही, तो काढला जातो. लॅक्टोमीटरची, म्हणजे दुधाची घनता दाखवणाऱ्या तरंगत्या नळीची, डिग्री आणि फॅट हे दोन आकडे सूत्रात घालायचे आणि उत्तर काढायचं. आता सूत्र एकच आहे असं समजू नका. एका प्रचलित सूत्रात सीएलआरला, म्हणजे तापमानानुसार दुरुस्त केलेल्या डिग्रीला, ४ नं भागून त्यात फॅटच्या ०.२५ पट आणि ०.४४ मिळवतात. दुसऱ्यात फॅटच्या ०.२१ पट आणि ०.३६ मिळवतात. तेच दूध घ्या, सीएलआर २८, फॅट ३.५. पहिल्या सूत्रानं एसएनएफ येतो ८.३१५. दुसऱ्यानं ८.०९५. गाय तीच, चारा तोच, चरवी तीच, आणि दोन पॉइंटांचा डिफरन्स. ३० पैशांनी लिटरला ६० पैसे, रोज १० लिटर घालणाऱ्याला वर्षाला २,१९० रुपये. दुधात एक थेंबही न बदलता. कोणतं सूत्र बरोबर, यावर दुग्धशास्त्राची माणसं बोलू शकतील, कारण लॅक्टोमीटर कोणत्या जातीचा नि कोणत्या तापमानाला जुळवलेला आहे यावर ते अवलंबून असतं. पण आपल्या केंद्रात कोणतं सूत्र चालतं हे दूध घालणाऱ्याला माहीत असणं, यावर वाद कसला?

तापमानाचंही तसंच. आयएसआय पद्धतीचा लॅक्टोमीटर २७ अंशांना जुळवलेला असतो. दूध त्याहून गरम असलं की पातळ होतं, लॅक्टोमीटर खोल जातो आणि डिग्री कमी दिसते. म्हणून दर अंशाला साधारण ०.२ मिळवायचे असतात. सीएलआर म्हणतात तो हा दुरुस्त केलेला आकडा. आता धार काढून थेट केंद्रावर आणलेलं दूध ३३ अंशांवर असलं आणि कुणी थर्मामीटर बुडवलाच नाही, तर डिग्री १.२ नं कमी धरली जाते. तिला ४ नं भागा, एसएनएफ ०.३ नं कमी. तीन पॉइंट गेले. शिवाय नुकत्या काढलेल्या दुधात हवेचे बारीक बुडबुडे असतात आणि स्निग्धांश पूर्ण घट्ट झालेला नसतो, त्यामुळं तासाभरानं तेच दूध थोडी जास्त डिग्री दाखवतं. उलट बाजूही सांगितली पाहिजे. फ्रीजमधलं १५ अंशांचं दूध दुरुस्ती न करता मोजलं तर डिग्री वाढीव दिसते आणि संस्थेला फटका बसतो. दुरुस्ती दोन्ही बाजूंना लागू करा, इतकंच म्हणणं आहे.

आता बऱ्याच गावांत ध्वनिलहरींवर चालणारी विश्लेषक यंत्रं आली आहेत. बटण दाबलं की फॅट, एसएनएफ, डिग्री सगळं पडद्यावर. त्यामुळं वाद संपले असं मानणं चूक आहे. ही यंत्रं जुळवून घ्यावी लागतात, गायीच्या नि म्हशीच्या दुधाला वेगळी जुळवणी लागते, आणि रोज धुतली नाहीत तर आत साय बसून आकडा सरकतो. गर्बरवर तोच नमुना अधूनमधून ताडून पाहिल्याशिवाय यंत्र खरं बोलतंय हे कळायला मार्ग नाही. ती ताडणी कधी केली, तारीख काय, किती पॉइंटांनी यंत्र जुळवलं, हे केंद्राच्या भिंतीवर लिहायला खडू नि फळा पुरतो.

आणि दशांश. यंत्र ३.४८ मोजतं, पावतीवर ३.४ छापलं जातं. गणितात जवळचा आकडा ३.५ आहे. प्रत्येक वेळी खालीच तोडायचं ठरवलं, तर दर पावतीमागं सरासरी जवळपास अर्धा पॉइंट गळतो. फॅट नि एसएनएफ दोन्हींना हाच नियम लावला तर मिळून एक पॉइंट, म्हणजे आपल्या हिशेबात लिटरला ३० पैशांच्या आसपास. २,००० लिटरच्या केंद्रावर रोजचे ६०० रुपये, वर्षाचे २ लाख १९ हजार. ही रक्कम कुणी चोरली असं म्हणता येत नाही, कारण ती कुठं नोंदलेलीच नाही. जवळचा आकडा धरण्याचा नियम घातला, तर कधी याचा फायदा, कधी त्याचा, आणि वर्षाअखेर कुणाचंच काही जात नाही. यंत्राच्या सॉफ्टवेअरमध्ये हा बदल करणं तंत्रज्ञाचं काम आहे, ठराव करणं संचालक मंडळाचं.

संस्था चालवणाऱ्यांची बाजू खोटी नाही. फॅट खरोखर बदलते. रात्रीच्या लांब अंतरानंतरच्या सकाळच्या धारेला दूध जास्त नि फॅट कमी, संध्याकाळी उलटं. पहिल्या धारा पातळ, शेवटच्या धारांत स्निग्धांश जास्त. वासराला शेवटचं पाजलं की चरवीतली फॅट उतरते. नमुना नीट ढवळून न घेता वरून काढला तर फॅट जास्त लागते, तळातून काढला तर कमी. कॅन नि टाकीला चिकटून दूध जातं, टँकर संघाच्या दारात पुन्हा तपासला जातो आणि तिथंही कापाकापी होते. सचिवानं हे सगळं स्वतःच्या पगारातून भरावं अशी कुणाची अपेक्षा नाही. पण ही घट आहे तर ती घट म्हणून एका रकान्यात दाखवा आणि किती टक्के धरली ते सर्वसाधारण सभेत मंजूर करून घ्या. दशांश तोडून नि सूत्र निवडून ती गुपचूप भरून काढणं हा व्यवहार सहकाराला शोभत नाही.

उसाकडं आलं की डिफरन्स टक्क्यांत बोलला जातो आणि तिथं एक वेगळाच घोळ होतो. केंद्र सरकारनं २०२५-२६ च्या हंगामासाठी १०.२५ टक्के उताऱ्याला क्विंटलमागं ३५५ रुपये एफआरपी, म्हणजे उसाचा रास्त आणि किफायतशीर दर, ठरवली. त्यावर प्रत्येक ०.१ टक्क्याला ३.४६ रुपये जास्त. खाली उतरलं तर तेवढेच कमी, पण ९.५ टक्क्यांच्या खाली कपात नाही, तिथं ३२९.०५ रुपये कायम. आता ‘आपला उतारा शेजारच्या कारखान्यापेक्षा एक टक्क्यानं कमी आहे’ या वाक्याचा अर्थ काय? १२.२५ च्या जागी ११.२५ असा अर्थ असेल तर टनाला ३४६ रुपयांचा फरक. १२.२५ चा एक टक्का, म्हणजे ०.१२ असा अर्थ असेल तर टनाला ४२ रुपयांच्या आसपास. ८० टन ऊस घालणाऱ्याला पहिल्या अर्थानं २७,६८० रुपये, दुसऱ्या अर्थानं साडेतीन हजारांच्या आत. अहवाल लिहिणारे, भाषण करणारे आणि बातमी देणारे दोन्ही अर्थ सर्रास मिसळतात. दुधवाल्यांचा पॉइंट इथं उसनवार घ्यायला हवा. ‘दहा पॉइंट कमी’ म्हटलं की कुणाचाच गोंधळ होणार नाही.

त्यातून पुढचा प्रश्न, कोणत्या हंगामाचा उतारा. गेल्या हंगामात ११.८ आणि चालू हंगामात ११.३ असेल तर पाच पॉइंट, टनाला १७३ रुपये, ८० टनांना १३,८४०. राज्य शासनानं फेब्रुवारी २०२२ मध्ये एफआरपी दोन हप्त्यांत देण्याचा निर्णय काढला. पहिला हप्ता विभागवार ठरवलेल्या उताऱ्यावर आणि उरलेला गाळप संपल्यावर चालू हंगामाच्या उताऱ्यावर. मार्च २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं तो रद्द केला. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशात ऊस दिल्यापासून १४ दिवसांत पैसे द्यायचे आणि उशीर झाला तर वर्षाला १५ टक्के व्याज, असं स्पष्ट आहे. हा सगळा लढा मुळात कशापासून मोजायचं याचाच होता. कारखाने म्हणतात त्यात एक मुद्दा खरा आहे, यंदाचा ऊस यंदाच्याच उताऱ्यानं मोजणं तर्काला धरून आहे. पण मोजायला हंगाम संपेपर्यंत थांबायचं तर तोवर शेतकऱ्याचे पैसे बिनव्याजी वापरले जातात, आणि ती किंमत त्या तर्कात कुठंच धरलेली नसते. शिवाय बी-हेवी मळीतून, म्हणजे सगळी साखर न काढलेल्या मळीतून, इथेनॉलकडं साखर वळवली की पोत्यात साखर कमी दिसते. ती वळवलेली साखर उताऱ्यात परत मिळवून मग एफआरपी काढायची असते. बिलावर अंतिम उतारा छापताना ‘साखरेचा इतका, वळवलेला इतका’ असे दोन आकडे वेगळे दिले तर निम्म्या शंका तिथंच मिटतील. आणि जाहीर केलेली एफआरपी नि हातात पडलेला दर यांच्यातला डिफरन्स म्हणजे तोडणी-वाहतूक. तो खर्च बऱ्याच ठिकाणी कारखान्याच्या सगळ्या क्षेत्राची सरासरी काढून कापला जातो. काट्याजवळच्या गावाला आणि ५० किलोमीटरवरच्या फडाला एकच कपात का, हा प्रश्न विचारण्यासाठी तरी तो आकडा बिलावर सुटा हवा.

दिवाळीचा दूध दरफरक, म्हणजे वर्षभराच्या दुधावर मागाहून मिळणारी लिटरमागची जादा रक्कम, हा यातला सर्वांत गोड नि सर्वांत फसवा प्रकार. जास्त दरफरक देणारा संघ चांगला, असं गावात मानलं जातं. समजा एक संघ वर्षभर लिटरला ३३ रुपये देतो आणि दिवाळीला ३ रुपये दरफरक. दुसरा वर्षभर ३५ देतो आणि दरफरक १ रुपया. दोघांचा अंतिम दर ३६ च. पण जाहिरात पहिल्याची मोठी होते. रोज १० लिटर घालणाऱ्याचे वर्षाला ७,३०० रुपये पहिल्या संघानं दुसऱ्यापेक्षा जास्त अडकवून ठेवले. एप्रिलच्या दुधाचा दरफरक पुढच्या वर्षाच्या दिवाळीला, म्हणजे दीड वर्षानं मिळतो, मार्चच्या दुधाचा सात महिन्यांनी, सरासरी वर्षभर. ९ टक्क्यांनी साडेसहाशे रुपये व्याज त्याच्यावरच सुटलं. वर जनावर विकून मध्येच दूध बंद केलेल्याला अटीत बसत नाही म्हणून काही मिळत नाही, आणि मिळतं त्यातूनही भागभांडवल किंवा ठेव म्हणून काही कापलं जातं. दरफरक वाईट नाही. दुधाचा भाव वर्षभर हलत असतो आणि संघाला हाताशी थोडी गाठ ठेवावी लागते, हे समजण्यासारखं आहे. पण तो जाहीर करताना दरफरकाचा आकडा नको, अंतिम दर हवा. वर्षभरात दिलेला सरासरी दर, त्यावर फरक, त्यातली कपात, हातात पडणारी रक्कम, अशा ओळीनं.

इतकं सगळं सामान्य माणसाला कळणार नाही, असा आक्षेप नेहमी येतो. सांगलीत आयर्विन पुलापाशी पाणी किती फुटांवर आहे हे पावसाळ्यात शाळकरी पोरालाही ठाऊक असतं. ४० फूट इशारा, ४५ फूट धोका. २०१९ ला पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं, हेही घरोघर पाठ आहे. ‘दोन फूट उतरलं’ एवढं कानावर आलं की सामान कुठं न्यायचं, गुरं कधी सोडायची, हे माणसं ठरवतात, कारण कशापासून दोन फूट हे सगळ्यांना माहीत आहे. खुणा रंगवलेल्या आहेत आणि आकडा दर काही तासांनी जाहीर होतो. तीच माणसं दुधाचं नि उसाचं गणित समजू शकत नाहीत, यावर माझा विश्वास नाही. त्यांना खूण दाखवलेली नाही, इतकंच.

सहकारी संस्थांच्या वार्षिक सर्वसाधारण सभा कायद्यानं ३० सप्टेंबरपर्यंत घ्यायच्या असतात आणि सभासदाला विषय पत्रिकेवर आणण्यासाठी आधी लेखी देता येतं. गावच्या दूध संस्थेपुरतं मागायचं असेल तर चार गोष्टी पुरेशा आहेत: एसएनएफचं कोणतं सूत्र चालतं ते ठरावात लिहा, लॅक्टोमीटरसोबत थर्मामीटर ठेवा नि तापमान पावतीवर छापा, दशांश जवळच्या आकड्याकडं पूर्ण करा, आणि वजनकाट्याच्या वार्षिक पडताळणीचं प्रमाणपत्र काट्याशेजारी लावा. कारखान्याकडं मागताना बिलावर उतारा कोणत्या हंगामाचा, वळवलेली साखर किती आणि तोडणी-वाहतूक किती हे तीन आकडे सुटे मागा. अर्जाची पोच घ्या, आणि सभेच्या इतिवृत्तात तुमचा प्रश्न नि त्याचं उत्तर जसंच्या तसं उतरलं आहे का, ते पुढच्या महिन्यात जाऊन वाचा.